कुलाबा नावाचा बाक

आधी जे घडलं ते क्रमाने:

१. गिरगावात ठाकूरद्वारजवळ माझी आत्या राहते. तिच्या चाळीत जिन्याखाली एक सागवानी बाक आहे. सगळी चाळ त्याला ‘कुलाबा’ म्हणते.

२. हा बाक कुलाबा रेल्वे स्टेशनातून आला, असं चाळीत सांगतात. ते स्टेशन १९३०च्या सुमारास बंद झालं.

३. चाळ पाडून तिथे टॉवर होणार आहे. बाक कुलाब्याचा असल्याचा पुरावा मिळाला तर नव्या इमारतीच्या लॉबीत ठेवायचा, नाही मिळाला तर भंगारात द्यायचा, असं कमिटीने ठरवलं.

४. पुरावा शोधायला मी आणि आत्या गेल्या रविवारी गिरगाव ते कुलाबा चालत गेलो.

५. स्टेशन सापडलं नाही. पुरावा सापडला. तो आमच्या विरुद्ध निघाला.

आता सविस्तर. हीच वाट कोणाला चालायची असेल तर रस्त्याची माहितीही देते.

कुंदाआत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. फोर्टमधल्या एका ऑफिसात ती निवृत्त होईपर्यंत क्लार्क होती. लग्न केलं नाही. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ती खाली येते आणि बाकाच्या डाव्या टोकाला बसते. जिन्यावरून येणारा-जाणारा प्रत्येकजण तिथे दोन मिनिटं टेकतो. नव्या इमारतीत तिला एकोणिसावा मजला मिळणार आहे. घराबद्दल तिची तक्रार नाही. तिचं म्हणणं एवढंच, की खाली उतरल्यावर बसायचं कुठे? लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाशी मजल्यांचे आकडे बघत किती बोलणार?

चाळीत ‘कुलाबा’ हा शब्द कसा चालतो ते सांगायला हवं. किल्ली कुलाब्यावर ठेवलीय. भाजीवाला कुलाब्यापाशी थांबलाय. संध्याकाळी जरा कुलाब्यावर ये, बोलायचंय. हे शेवटचं ऐकलं की पोरं आज आपलं काय चुकलं ते आठवायला लागायची. माझी आई लग्न होऊन या चाळीत आली तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबांची चौकशी केली, तर शेजारच्या काकूंनी सांगितलं, “तो कुलाब्याला बसलाय.” लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नवरा न सांगता कुलाब्याला गेला म्हणून आई दुपारपर्यंत कोणाशी बोलली नाही. बाबा दोन मजले खाली चहा पीत होते.

बाकाच्या पाठीच्या वरच्या फळीवर इंग्रजी अक्षरं कोरली आहेत. के ओ एल ए बी ए. मग थोडी जागा सोडून डी. त्याच्या पुढे फळी कापलेली आहे, कारण बाक जिन्याखाली बसत नव्हता. डी म्हणजे डाऊन, म्हणजे कुलाबा स्टेशनचा डाऊन प्लॅटफॉर्म, हे चाळीतल्या लहान मुलालाही पाठ असतं. मलाही होतं. मी रेल्वे सिग्नलिंगची ड्रॉइंगं करते, तरी या डीकडे मी कधी कामाच्या नजरेने पाहिलं नव्हतं. लहानपणी ऐकलेलं आपण तपासत नाही.

के मात्र मला आधीपासून खटकत होता. मी पाहिलेल्या जुन्या नकाशांत स्टेशनचं नाव सीने लिहिलेलं आहे. पण त्या काळचं स्पेलिंग हा कच्चा पुरावा. एकाच गावाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने लिहिलेलं असतं. तो मुद्दा मी बाजूला ठेवला होता.

चाळीचे सेक्रेटरी परबकाका. त्यांची बाजूही सांगते, कारण ती चुकीची नाही. लॉबीत ठेवायला कामतांनी पितळी बंब सुचवला, दुसऱ्याने पाटा-वरवंटा, तिसऱ्याने आजोबांचा तालमीतला मुद्गल. सगळं ठेवलं तर लॉबीचा जुना बाजार होईल. म्हणून त्यांनी नियम केला: ज्या वस्तूचा इतिहास सिद्ध होईल तीच राहील. आत्याने तिथल्या तिथे सांगितलं की माझी भाची रेल्वेत आहे, ती सिद्ध करेल. मी रेल्वेत नाही, सल्लागार कंपनीत आहे. पण तोपर्यंत जिन्यापाशी टांगलेल्या चाळीच्या फळ्यावर ठराव लिहून झाला होता.

रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत निघालो. या वाटेला रविवारच बरा, फूटपाथ मोकळे असतात. बाटलीत पाणी आणि पायात सपाट चप्पल एवढं पुरे. आधी ठाकूरद्वारच्या नाक्याजवळ साबुदाणा वडा आणि चहा घेतला. आत्याने दहीही मागितलं आणि वडा कालच्यापेक्षा लहान झाल्याचं मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, “कुंदाताई, वडा तेवढाच आहे, तुमची भूक वाढलीय.” दोघांचाही हा नेहमीचा कार्यक्रम असावा.

तिथून महर्षी कर्वे रस्त्याला लागायचं. रूळ उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालत राहिलं की वाट चुकत नाही. मरीन लाइन्सपाशी आत्या थांबली आणि रुळांपलीकडे बोट दाखवून म्हणाली की तिचे वडील सांगायचे, पूर्वी समुद्र इथपर्यंत यायचा. हे बरोबर आहे. रूळ टाकले तेव्हा ते जवळजवळ किनाऱ्यानेच जात होते. भर घालून जमीन पुढे सरकवली ती नंतर. कुलाबा स्टेशन गेलं त्याचं कारणही हीच भर. चर्चगेटच्या पुढची जागा बॅकबेच्या योजनेसाठी हवी होती, लांबच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल तयार झालं, आणि कुलाब्यापर्यंतचा तुकडा उखडला गेला. त्याआधी दोन-तीन वर्षं तिथपर्यंत विजेच्या गाड्याही धावल्या होत्या. इतकं नवं काम इतक्या लवकर काढून टाकताना त्या इंजिनियरांना काय वाटलं असेल, हे मी आत्याला विचारलं. तिने विचारलं, “तुमच्यात काय वाटतं?” मी म्हटलं, बिल मंजूर झालं असेल तर काही नाही. ती हसली.

चर्चगेटला आत गेलो. रविवार असल्यामुळे उभं राहून बघता आलं. रूळ जिथे संपतात तिथे बफर आहेत, त्यांच्यापुढे माणसं फोनवर बोलत उभी असतात. पूर्वी गाडी इथून पुढे जायची, हे तिथे उभं राहिल्यावरच नीट पटतं. आत्या प्लॅटफॉर्मांकडे ओळीने बघत होती. मग तिने विचारलं, “यातला डाऊनचा कुठला?”

“शेवटच्या स्टेशनात तसं नसतं, आत्या. गाडी येते ती अप. तीच परत सुटते ती डाऊन. प्लॅटफॉर्म तोच.”

बोलून झाल्यावर मी काय बोलले ते मला कळलं. आत्यालाही.

“कुलाबा शेवटचं होतं ना?”

“हो.”

“मग डी?”

एक गाडी आली, रिकामी झाली, भरली आणि गेली. त्याच प्लॅटफॉर्मवरून. आत्याने पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाली, “भाची इंजिनियर नसती तर बरं झालं असतं. चल. आधी स्टेशन तरी बघू.”

चर्चगेटहून पुढे ओव्हल मैदान डाव्या हाताला ठेवून चालायचं. जुन्या नकाशात रूळ मैदानाच्या पश्चिमेने जातात. आज तिथे गोल बाल्कन्यांच्या इमारती आहेत, त्यांच्या सावलीत चालायला छान वाटतं. मैदानात एकाच वेळी निदान सात-आठ मॅचेस चालू होत्या. एका फिल्डरने आत्याच्या पायाशी आलेला चेंडू मागितला. तिने तो वाकून उचलला आणि हात खांद्यावरून फिरवून असा फेकला, की तो पोरगा “थँक्यू आजी” म्हणायला आला होता तो नुसताच बघत राहिला.

मी मनातल्या मनात डीला दुसरा अर्थ शोधत होते. डिपार्चर असेल का? पण सुटते ती गाडी, बाक नव्हे. डेपो? कुलाब्याला गाड्या ठेवायची जागा होती, पण तिथे बाकावर नाव कोण कोरेल? एकही अर्थ धड बसेना.

कूपरेजवरून सरळ पुढे गेलं की डाव्या-उजव्या हाताला जुन्या बंगल्यांची वस्ती लागते, आणि मग रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. स्टेशनची जागा ती हीच, असं सगळीकडे वाचलं होतं. बाहेरून भिंत, झाडं आणि इमारती दिसतात. पाटी नाही, खांब नाही. मी रस्त्याचं वळण बघत होते, कारण रूळ काटकोनात वळत नाहीत. रेल्वेची जागा गेली तरी तिचं मोठं वळण कुठेतरी उरतं. एका ठिकाणी मला ते दिसल्यासारखं वाटलं. खात्रीने सांगणार नाही.

गेटवरच्या रखवालदाराला आत्याने विचारलं की इथे स्टेशन होतं ते कुठे?

“स्टेशन के लिए चर्चगेट जाना पड़ेगा, माताजी.”

“तिथूनच आलो रे बाबा,” आत्या म्हणाली.

तो भला माणूस होता. त्याने स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची तिला बसायला दिली आणि चर्चगेटला जाणाऱ्या बसचा थांबा कुठे ते हाताने दाखवलं. आत्या पाच मिनिटं त्या खुर्चीवर बसली. कुलाबा स्टेशनात बसायला मिळालं ते एवढंच. समुद्राकडून सुक्या मासळीचा वास येत होता. ती म्हणाली की जागा चांगली आहे, वारा येतो.

हे स्टेशन बघायला म्हणून कोणी इतक्या लांब येऊ नये, बघण्यासारखं काही उरलेलं नाही. चालायला म्हणून जरूर यावं.

पुढे कुलाबा कॉजवेवर एका इराण्याच्या हॉटेलात ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा घेतला. आत्याने ब्रुन चहात बुडवून मऊ होईपर्यंत धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू हे परबांना सांगणार.”

“लिहून द्यायचं कबूल केलंय.”

“न सांगितलंस तर कोणाला कळणार आहे? डाऊन म्हणजे काय ते त्या कमिटीत एकालाही धड माहीत नाही.”

“मला कळेल.”

ती म्हणाली की चहा गार झालाय, तरी तो सगळा प्यायली. मला तिची समजूत घालता येत नव्हती, आणि खोटं लिहायची तयारी नव्हती.

तिथून परत फिरायचं ठरलं होतं. पण इतकं आलोच आहोत तर गेटवे बघू, असं आत्या म्हणाली. मला वाटलं तिला घरी जाऊन परबकाकांना तोंड द्यायचं नाही. धक्क्याच्या बाजूला लाँचची तिकिटं विकणारे ओरडत होते. मांडवा, मांडवा, अलिबाग. एकाने आत्याला पाहून खास आवाज चढवला: “आजी, चला, तासाभरात अलिबाग. वर बस फुकट.”

“आमच्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून जायचं,” ती मला म्हणाली. “रेवसला उतरायचं. तिथून बैलगाडी.” आमचं मूळ गाव चौलच्या बाजूला. मी तिथे दोनदा गेले आहे. आत्या सांगत होती की तिची आजी गावीच राहायची आणि तिला पत्र लिहायचं काम या शाळकरी पोरीकडे असायचं, कारण घरात अक्षर तिचं चांगलं. वडील मजकूर सांगायचे. पत्ता मात्र तिला तोंडपाठ होता, आणि तो तिने तिथेच, लाँचच्या गर्दीत, शाळेतल्या कवितेसारखा म्हणून दाखवला. मुक्काम, पोस्ट, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा.

“जिल्हा काय?” मी विचारलं.

“कुलाबा. रायगड नाव मागाहून ठेवलं. तू जन्मायच्या कितीतरी आधी.”

मला हे माहीत नव्हतं. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात अलिबाग रायगडात होतं आणि कुलाबा मुंबईत. आत्याला ते माहीत होतं, पण गिरगावात राहणाऱ्या माणसाला कुलाबा म्हणजे बसवरची पाटी, आणि जिल्हा म्हणजे पत्राची शेवटची ओळ. दोन शब्द तिच्या डोक्यात सत्तर वर्षं शेजारी राहिले आणि एकमेकांना भेटले नाहीत.

आता भेटले. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“डी,” ती म्हणाली. मग सावकाश, ऑफिसातल्या उच्चारात, “डिस्ट्रिक्ट.”

मी फोनवर पाहिलं. जिल्ह्याचं जुनं स्पेलिंग केने होतं.

“म्हणजे मी जन्मभर जिल्ह्याच्या कुठल्यातरी शाळेच्या नाहीतर कचेरीच्या बाकावर बसले,” आत्या म्हणाली, “आणि समजत होते रेल्वेच्या.” तिने समुद्राकडे पाहिलं. एक लाँच मांडव्याच्या दिशेला वळत होती. “आपल्याकडचाच निघाला की गं मेला. आपल्यासारखाच होडीतून आला असेल.”

“आत्या, आपल्याकडचा म्हणायला पुरावा नाही. जिल्हा मोठा होता. पनवेल, कर्जत, महाड, सगळं त्यातच येत होतं. आणि डी म्हणजे डिस्ट्रिक्ट हासुद्धा अंदाजच आहे.”

“तू गप्प बस,” ती म्हणाली. फार आनंदात होती.

परत येताना बस घेतली. दुपारी या बाजूला चालू नये, ऊन लागतं. रविवारी बस जरा वाट बघायला लावते, पण बसायला जागा मिळते.

चाळीत शिरलो तेव्हा परबकाका कुलाब्यावरच बसून पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेवटच्या स्टेशनाला डाऊन प्लॅटफॉर्म नसतो, म्हणून डाऊन बाद. स्पेलिंग जिल्ह्याचं. त्यामुळे बाक रेल्वेचा नसण्याची शक्यता जास्त. त्यांनी चष्मा काढून पाठीवरची फळी निरखली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि खरोखर वाईट वाटल्यासारखे म्हणाले की मग नियमाप्रमाणे तो जाणार.

आत्या तोवर फळ्यापाशी गेली होती. ठराव तिने मोठ्याने वाचला. “बाक कुलाब्याचा असल्याचा पुरावा मिळाल्यास तो नव्या इमारतीत ठेवण्यात येईल.” मग वळून विचारलं, “परब, यात स्टेशन हा शब्द कुठे आहे?”

“कुंदाताई, शब्दात पकडू नका हो.”

“मग कशात पकडू? ठराव शब्दांचाच असतो.”

पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून कोणीतरी हसलं. परबकाका आधी तिकडे वर बघून हसले, मग आत्याकडे. म्हणाले, ठीक आहे, कुलाबा जिल्हा तर कुलाबा जिल्हा, तोही इतिहासच. पण नुसत्या डीवर चालणार नाही. बंबवाले भांडतील. तसाच दुसरा बाक दाखवा, किंवा तो कुठला ते सांगणारं माणूस आणा. तेवीस तारखेला रविवारी मीटिंग आहे, तोपर्यंत.

“आणि कामतांच्या बंबाला काय पुरावा आहे?” आत्याने विचारलं. तो वाद अजून चालू आहे.

संध्याकाळी मी परळला घरी आले. आमच्या इमारतीच्या लॉबीत काळा सोफा आहे, त्यावर ‘फक्त पाहुण्यांसाठी’ अशी पाटी आहे. इतकी वर्षं येता-जाता मी ती पाहिली होती. त्या दिवशी सोफ्यावर टेकले. वॉचमनने अदबीने विचारलं की मॅडम, कोणाची वाट बघताय का? नाही म्हटलं आणि वर गेले. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “जिल्हा कुलाबा. खरंच की.” मग आईला हाक मारून म्हणाले की तू तेव्हा रुसलीस ते बरोबरच होतं, मी चांगला समुद्रापलीकडे गेलो होतो.

स्टेशनच्या शोधात निघून स्टेशन मिळालं नाही, याची मला खंत नाही. ते गेलेलं आहे. त्याची जागा माहीत आहे, वारा चांगला आहे. बाकाचं मात्र अजून ठरायचं आहे. म्हणून वाचकांना एक विनंती.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी अलिबाग, पेण, पनवेल, कर्जत, माणगाव, महाड, जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावचं असेल, तर त्यांना विचारा: शाळेत, कचेरीत, धर्मशाळेत किंवा धक्क्यावर असा बाक पाहिला होता का? सागवानी, तिघांना पुरेल एवढा, पाठीला पाच उभ्या पट्ट्या, हात लाटण्यासारखे गोल, चौकोनी डोक्याचे खिळे, आणि वरच्या फळीवर हाताने कोरलेली इंग्रजी अक्षरं. आमच्याकडे डीच्या पुढे फळी कापलेली आहे. तुमच्या बाकावर पुढची अक्षरं असतील तर ती कोणती, एवढं हवं आहे. फोटो असेल तर उत्तम. नसेल तर गावाचं नाव आणि आठवण चालेल. बाक रेल्वेचाच आहे असं दाखवणारं काही असेल तर तेही पाठवा, मी ते तसंच कमिटीपुढे ठेवीन.

खाली कमेंटमध्ये लिहा. उत्तर शुक्रवार, २१ नोव्हेंबरपर्यंत यावं.